बिनमिठाची हिरवी स्मूदी

मी शाळेची व्हॅन चालवतो. सकाळी सातला घराबाहेर पडलो नाही तर पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडतं. त्या मंगळवारी सातला दहा कमी होते, मी बूट घालत होतो आणि दारावर थापा पडायला लागल्या. बेल असताना कुणीतरी तळहाताने दार बडवत होतं. उघडलं तर वरच्या मजल्यावरचे दोनदाकाका. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, बोटांना काहीतरी हिरवं लागलेलं.

"गाडी खाली आहे ना? हिला न्यायचंय. नाडी छत्तीस आहे."

मला आधी कळलंच नाही. "छत्तीस म्हणजे?"

"मिनिटाला छत्तीस. आधी अडतीस होती. मशीन लावून दोनदा मोजली. अँब्युलन्सवाले पाऊण तास म्हणतायत. तू चल."

एरवी हा माणूस एक वाक्य बोलून दुसऱ्याचा विचार करत बसणारा. त्या दिवशी सगळं एका दमात बोलले. मी शाळेला फोन करून दुसरी गाडी पाठवायला सांगितलं आणि दोन-दोन पायऱ्या गाळत त्यांच्या मागे वर धावलो.

दोनदाकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं ते लिफ्टचे मेकॅनिक होते. ब्रेक दोनदा तपासायचा, दोर दोनदा, दरवाजाचं कुलूप दोनदा, आणि मगच लिफ्ट लोकांसाठी उघडायची. हाताखालच्या पोरांनी चिडून हे नाव पाडलं आणि ते निवृत्तीनंतर घरापर्यंत आलं. त्यांच्या हातून निघालेल्या एकाही लिफ्टला कधी अपघात झाला नाही. हे ते स्वतः सांगत नसत, काकू सांगत. आणि लगेच पुढे म्हणत, "जन्मभर लोकांना वर-खाली नेलं आणि मला आणून ठेवलं चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत."

काकू पडदे शिवायच्या कारखान्यात होत्या. नाटकगृहांचे जाडजूड पडदे, दवाखान्यांतले आडपडदे, हॉटेलांचे झिरझिरीत पडदे. बोलणं सडेतोड, हसणं तीन मजले ऐकू जाणारं. आणि मीठ म्हणजे जीव की प्राण. खारे काजू, वेफर्स, खारवलेले मासे. उकडलेल्या अंड्यावर मीठ भुरभुरायला लागल्या की हात थांबायचा नाही.

त्या मंगळवारच्या पाच महिने आधी त्यांना धाप लागायला लागली. पायांवर सूज, आडवं पडलं की जीव घाबरा. हृदय मोठं झालंय, पंप नीट चालत नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. चार गोळ्या लिहून दिल्या आणि दिवसाला सगळं धरून अर्धा चमचा मीठ, त्यावर चिमूटभरही नाही, अशी ताकीद दिली.

घरात भडका उडाला. खाली माझ्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू येई. "मला मारायचंच ठरवलंय ना? मग एकदाच काय ते मारा, असं आळणी-आळणी मारू नका!" काकांनी मिठाची बरणी उचलली, माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाले, "ही तुझ्याकडे ठेव. तिने मागितली तरी देऊ नकोस."

त्या दिवसापासून स्वयंपाक त्यांनी हातात घेतला. तोवर त्यांना अंडं उकडण्यापलीकडे काही येत नव्हतं. परगावी राहणाऱ्या मुलीने फोनवरून एकेक गोष्ट शिकवली. सगळ्यात पहिली होती न्याहारीची ग्रीन टीची स्मूदी. मुलीच्या ओळखीत कुणीतरी ती रोज पीत असे. मीठ नको, तेल नको, चूल पेटवायची तीही नुसत्या पाण्यापुरती. काकांना आवडली, कारण तिला ठरावीक क्रम होता. पाणी उकळलं की गॅस बंद करून दोन मिनिटं थांबायचं. मग ग्रीन टीची पानं टाकायची, घड्याळ लावून तीन मिनिटं, त्याहून जास्त झाली तर कडवट. गाळून गार करायचं. मग मिक्सरमध्ये एक केळं, मूठभर पालक, अर्धं सफरचंद, भिजवलेले दोन चमचे ओट्स, आणि वर तो गार चहा. हे सगळं त्यांनी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून फ्रिजला चिकटवलं. शेवटी सूचना: 'झाकण दाबून धरा.' ती पहिल्या दिवशीच्या अनुभवावरून आलेली होती. छतावर एक हिरवा डाग बरेच दिवस होता.

काकूंनी पहिला पेला नाकाशी धरला. "हे पाण्याच्या टाकीतलं आहे का?"

"चांगलं असतं हृदयाला."

"हृदयाला असेल. जिभेचं काय?"

पंधरा दिवस त्या अर्धा पेला पीत आणि अर्धा बेसिनमध्ये ओतत. वजन उतरायला लागलं. काका काळजीने काळवंडले. आणि मग एके दिवशी दुकानात त्यांना तो डबा दिसला. 'कमी सोडियमचं मीठ.' वर लाल बदामाचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'हृदयाचा मित्र'. काकांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि डबा घेऊन आले. डब्याच्या मागे बारीक अक्षरांत आणखी काही छापलेलं होतं. चष्मा घरी राहिला होता.

त्या दिवसापासून वरच्या घरात शांतता नांदली. भाजीत ते मीठ, सूपमध्ये ते मीठ, स्मूदीतही चिमूटभर. काकू पेला संपवायला लागल्या. चेहऱ्यावर पुन्हा हसू दिसायला लागलं. जिन्यात मला काका भेटले तेव्हा एखादी बिघडलेली मोटर सुरू केल्यासारखे खूश होते. "बिनमिठाचं खाते आता ती. अगदी आवडीने." त्यांच्या लेखी ते मीठ नव्हतंच.

दर महिन्याला रक्त तपासा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकदा तपासलं, ठीक आलं. पुढच्या वेळी काकूंनी 'आज नको, उद्या' केलं. तीस वर्षं बोटांत सुई धरलेली बाई, पण दंडात टोचायची सुई पाहिली की डोळे मिटून घेई. दोन महिने असेच गेले.

मग पाय जड व्हायला लागले. "चिखलातून चालल्यासारखं वाटतं," काकू म्हणाल्या. ओठांभोवती मुंग्या. घरी बसल्या-बसल्या उशांचे अभ्रे शिवत, तर चिमटीतून सुई सुटायला लागली. काकांनी मुलीला विचारलं, मुलगी म्हणाली डॉक्टरांना दाखवा. काकू म्हणाल्या, अशक्तपणा आहे, आळणी खाऊन दुसरं काय होणार. शुक्रवारची वेळ घेतली. आणि तोवर अंगात ताकद यावी म्हणून काकांनी स्मूदीत एकाऐवजी दोन केळी घालायला सुरुवात केली, पालकही दुप्पट.

शुक्रवारपर्यंत थांबायला मिळालंच नाही.

मी वर पोचलो तेव्हा काकू जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे टेबलाने त्यांना धरून ठेवलं होतं. पुढ्यात अर्धा पेला. चेहरा राखेसारखा.

"उठता येत नाहीये रे," त्या हळूच म्हणाल्या. "पाय माझे नाहीतच असं वाटतंय."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यानेच मी जास्त घाबरलो.

खुर्चीसकटच उचलायचं ठरलं. काकांनी पाठीकडची बाजू धरली, मी पायांकडची. मला उलटं उतरायचं होतं, पायाने पायरी चाचपत. चार मजले. दुसऱ्या वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला. मी म्हणालो, "काका, जरा मागे घ्या." त्यांनी घेतलं नाही. वर पाहिलं तर ते काकूंच्या तोंडाकडे बघत होते.

"ही बोलत नाहीये," ते म्हणाले. "अगं ए. अगं, बोल काहीतरी."

काकूंच्या पापण्या हलल्या. "खुर्ची... घासू नका... भिंतीला."

आम्ही पुन्हा उचललं.

व्हॅनच्या मागच्या बाकावर काका त्यांना मांडीवर घेऊन बसले. आरशात मला त्यांचा फक्त हात दिसत होता. काकूंच्या मनगटावर दोन बोटं, आणि ओठ हलतायत. ते मोजत होते. प्रत्येक सिग्नलला मला वाटे की आकडा विचारावा, आणि दिवा बदलला की मी गाडी दामटत असे. एका चौकात कचऱ्याची गाडी आडवी उभी होती. मी हॉर्नवरून हात काढलाच नाही. तो ड्रायव्हर शिव्या देत उतरला, माझ्या खिडकीतून आत पाहिलं आणि काही न बोलता धावत जाऊन गाडी बाजूला घेतली.

दवाखान्यात तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. केस घाईने बांधलेले, गळ्यात स्टेथोस्कोप, शांत आवाज. त्यांनी काकूंच्या छातीवर वायरी चिकटवल्या. मशीनमधून कागदाची पट्टी बाहेर आली. त्यांनी ती पाहिली आणि आवाज तसाच ठेवून नर्सला म्हणाल्या, "कॅल्शियम भरा. आत्ता. रक्त लॅबला पळत द्या." मग काकांकडे वळल्या.

"कोणत्या गोळ्या चालू आहेत?"

काकांना चारही पाठ होत्या, वेळेसकट. डॉक्टर मान हलवत गेल्या.

"पोटॅशियमचं औषध? सरबत, पावडर, काही?"

"नाही. तसलं काहीच नाही. आम्ही उलट सगळं चांगलं खातो."

"म्हणजे काय-काय?"

काका ताठ झाले. भेदरलेले होते, तरी त्या एका प्रश्नाचं उत्तर त्यांना येत होतं. "मीठ बंद. चार महिने झाले. सकाळी ग्रीन टीची स्मूदी. पालक, केळं, सफरचंद. ताजं, रोज मी स्वतः करतो."

"किती केळी?"

"एक. गेल्या आठवड्यापासून दोन. ताकदीसाठी."

डॉक्टरांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "काका, मिठाऐवजी काही वापरता का?"

मी काकांच्या शेजारी उभा होतो. त्यांच्या अंगातला ताठा गळून पडताना मी पाहिला.

"ते मीठ नाहीये," ते म्हणाले. "कमी सोडियमचं आहे. हृदयासाठीच असतं. डब्यावर लिहिलंय."

"सोडियम कमी करायला त्यात पोटॅशियम घालतात," डॉक्टर म्हणाल्या. "निरोगी माणसाला चालतं. पण यांच्या चारपैकी दोन गोळ्या पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. त्यावर हे मीठ, वर पालक, केळी. रक्तात ते साठलं की हृदयाची गती मंदावते." त्यांनी पुन्हा मशीनकडे पाहिलं. "तो डबा मला बघायचाय. आणि रोज किती जात होतं तेही कळायला हवं. कुणी आणू शकेल का?"

काकांनी किल्ली माझ्या हातात दिली. "डबा गॅसच्या डाव्या हाताला. गोळ्यांची चिठ्ठी हिच्या शिवणाच्या पेटीत. दोन्ही आण."

मी पुन्हा इमारतीत आलो. चौथ्या मजल्यावरचं दार सताड उघडं होतं. टेबलावर तो अर्धा पेला, वर हिरवी साय धरलेली. काकांची दुसरी चप्पल ओट्यापाशी. डबा सापडला. मागची बारीक अक्षरं मी तिथेच उभं राहून वाचली. 'मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय वापरू नये.' एका बाजूला 'हृदयाचा मित्र' आणि दुसऱ्या बाजूला हे. डबा अर्ध्याहून अधिक रिकामा होता.

मग शिवणाची पेटी. चिठ्ठी वरच घडी घालून ठेवलेली. ती उचलली तर खाली बटणांची छोटी गोल डबी. उघडायचं काही कारण नव्हतं. पण उचलताना तिच्यातून बटणांचा खुळखुळाट आला नाही, वाळू सरकल्यासारखा आवाज आला. झाकण काढलं. आत पांढरी पूड, आणि तीत खोचलेला एक पिटुकला चमचा.

बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट, आणि मागून एक कडवट, धातूसारखी चव.

मी पेटीशेजारी जमिनीवर बसलो. म्हणजे काका घालत चिमूटभर, आणि त्यांची पाठ वळली की काकू यातलं घालत चमचाभर. डबीबद्दल काकांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्यांनी मला ही पेटी उघडायला पाठवलंच नसतं. डॉक्टरांपुढे डबी ठेवली तर काकांना कळणार, तेही अशा वेळी. नाही ठेवली तर डॉक्टरांना किती गेलं ते कळणार नाही. बसून विचार करायला वेळ कुठे होता? डबी खिशात टाकली आणि निघालो. सिग्नलला थांबलो की खिसा चाचपत होतो, आपणच चोरी केल्यासारखा.

दवाखान्यात पोचलो तेव्हा काकूंच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. काका बाहेर भिंतीला टेकून उभे. रिपोर्ट आला होता. पोटॅशियम सात पूर्णांक सहा. "पाचच्या आत हवं म्हणे," ते म्हणाले. "इन्शुलिन आणि साखरेचं पाणी लावलंय. नाहीच उतरलं तर रक्त मशीनमधून फिरवून काढतील."

डॉक्टर बाहेर आल्या. मी डबा दिला. मग खिशात हात घातला आणि बटणांची डबी त्यांच्या तळहातावर ठेवली.

"हेही त्यातलंच आहे. शिवणाच्या पेटीत होतं."

डॉक्टरांनी झाकण उघडून पाहिलं. काकांनीही पाहिलं. तो छोटा चमचा त्यांच्या ओळखीचा असावा. मी वाट बघत होतो की ते चिडतील, नाहीतर मटकन बसतील तरी. ते म्हणाले, "डबा मी आणला, डॉक्टर. माझी चूक आहे. तिला काही विचारू नका."

"विचारायलाच लागेल," डॉक्टर हळू म्हणाल्या, "पण रागावणार नाही कुणी." आणि पुन्हा पडद्याआड गेल्या.

तिथून पुढचे तीन तास मी कधी विसरणार नाही. मशीनचा टिकटिक आवाज पडद्यातून बाहेर येत होता. दोन ठोक्यांमध्ये इतकी जागा असे की मधल्या वेळात काकांचा श्वास अडकून राही. ठोका पडला की ते सोडत. मी चहा आणला, तो गार झाला. एकदा आतून पावलांची धावपळ ऐकू आली, कुणीतरी "पुन्हा कॅल्शियम" म्हणालं, आणि काकांनी माझं मनगट पकडलं. त्यांच्या बोटांचे वळ दुपारपर्यंत होते.

"मागची बाजू वाचली नाही मी," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत एक पाटी न वाचता बटण दाबलं नाही. आणि हिच्या तोंडात रोज घातलं ते नाही वाचलं."

मी गार झालेला चहा ओतून दुसरा घेऊन आलो.

मुलीचा फोन आला. त्यांनी तिला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती म्हणाली, "बाबा, केळी आणि पालक तर मीच सांगितलं होतं." काका म्हणाले, "तू एक सांगितलं होतंस, दोन मी केली. गाडी सावकाश चालव. ये."

बाराच्या सुमाराला दोन ठोक्यांमधलं अंतर कमी व्हायला लागलं. आधी मला वाटलं की भास होतोय. काकांकडे पाहिलं, त्यांचे ओठ पुन्हा हलत होते. "बावन्न," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "अठ्ठावन्न."

पडदा बाजूला झाला. आकडा सहा पूर्णांक चारवर आला होता. धोका टळला नव्हता, पण रक्त फिरवायच्या मशीनची गरज बहुधा पडणार नव्हती. काकांना आत सोडलं. काकू डोळे उघडून वर बघत होत्या. नाकात नळी, दोन्ही हातांना सुया.

"या पडद्याची शिवण उसवलीय," त्या म्हणाल्या. "दुहेरी टाका घालायला हवा होता."

काका खाटेच्या कडेला टेकले. मी निघायला वळलो तेव्हा काकूंचा आवाज आला. "अहो, डबी सापडली ना तुम्हाला?"

"हो."

"तुम्ही ओरडा माझ्यावर."

"नंतर ओरडतो," काका म्हणाले. "आत्ता आवाज येत नाहीये."

आठवडाभराने काकू घरी आल्या. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी नवी यादी दिली होती. ग्रीन टी चालेल, पण हलका आणि छोटा पेलाच. केळं, पालक बंद. सफरचंद, काकडी, आल्याचा तुकडा, लिंबाचे चार थेंब चालतील. मीठ, मिठासारखं दिसणारं आणि मिठासारखं लागणारं, सगळंच बंद. मुलगी तीन आठवडे राहिली, तिने स्वयंपाक सांभाळला. तेवढ्या दिवसांत काका स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही गेले नाहीत. बाहेरून हाक मारत, "जरा पाणी दे गं." जेवताना काकूंच्या ताटाकडे बघत नसत. मुलगी मला म्हणाली, "आईची काळजी वाटत नाही मला. बाबांची वाटते."

ती परत गेली, आणि पहिल्याच रविवारी सकाळी काकांनी मला वर बोलावलं.

"गाडीची किल्ली घेऊन ये," म्हणाले.

मी धावतच गेलो. काकू टेबलाशी बसल्या होत्या, चांगल्या ठणठणीत. काका ओट्यापाशी उभे. समोर सोललेली काकडी, सफरचंद, आलं, लिंबू, गाळलेला चहा. मिक्सरचं भांडं रिकामं.

"काय झालं?"

"काही नाही झालं," काकू म्हणाल्या. "मला भूक लागलीय. मुलगी गेली तेव्हापासून हा माणूस मला कोरडा ब्रेड खायला घालतोय. मी म्हटलं ते हिरवं करा, तर म्हणतात हात धजत नाही. मग म्हटलं मी यादी वाचते, तुम्ही घाला. तर म्हणतात खालचा गाडीवाला येईपर्यंत नाही."

"तू इथे बस," काका मला म्हणाले. "किल्ली हातात ठेव."

मी बसलो. सुट्टीच्या दिवशी सकाळी, हातात व्हॅनची किल्ली धरून, दुसऱ्याच्या न्याहारीची वाट बघत. हसू यायला हवं होतं. आलं नाही. काकू चष्मा लावून यादी वाचत होत्या, एकेक शब्द सुटा करून, आणि काका एकेक वस्तू भांड्यात टाकत होते. काकडी. अर्धं सफरचंद. आल्याच्या तुकड्यावर त्यांचा हात थांबला. "आल्यात काय असतं?"

"आलं असतं," काकू म्हणाल्या. "बाईंनी लिहून दिलंय. टाका."

मिक्सर फिरला. पेल्यात ओतलेलं फिकट हिरवं होतं, जवळजवळ पांढरं. काकूंनी एक घोट घेतला आणि डोळे गच्च मिटले. काका असे धावले की वाटेतली खुर्ची आडवी झाली.

"काय होतंय? अगं काय होतंय?"

"आंबट आहे!" काकू ओरडल्या. "चार थेंब लिहिलंय, तुम्ही अख्खं लिंबू पिळलंय!"

काकांनी खुर्ची उचलून सरळ केली. तिच्यावर बसले. चेहरा दोन्ही हातांनी झाकून घेतला आणि खांदे हलायला लागले. हसतायत की रडतायत ते मला कळेना. काकूंनी उरलेला पेला नाक मुरडत, पण शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, उठल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "तू जा आता. तासाभराने हवं तर ये."

मी तासाभराने गेलो. काका नाडी मोजत होते, एकाहत्तर. दुसऱ्या दिवशी काकूंनी डोळे मिटून दंड पुढे केला आणि रक्त दिलं. पोटॅशियम चार पूर्णांक आठ.

याला सव्वा वर्ष होऊन गेलं. सगळं गोड झालं असं सांगणार नाही. थंडीत काकूंना पुन्हा धाप लागली, चार दिवस दवाखान्यात काढले, हृदय काही तरुण झालेलं नाही. दर महिन्याला रक्त तपासायच्या दिवशी काका सकाळपासून कुणाशी बोलत नाहीत, आणि आकडा कळेपर्यंत काकूही त्यांना छेडत नाहीत. चव नसल्याची तक्रार मात्र रोज चालू आहे.

गेल्या महिन्यात काकूंनी माझ्या व्हॅनच्या सीटांना नवी कव्हरं शिवायला घेतली. मी नको म्हणालो होतो. जाड कापड आहे, मशीन मारताना त्यांना दम लागतो. मग त्या थांबतात, खिडकीतून खाली बघतात, पुन्हा सुरू करतात. अकरा झाली, तीन राहिलीत. परवा मी म्हणालो, "काकू, घाई नाही हं." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने बाराव्या सीटचं माप घ्यायला टेप घेऊन खाली गेलो.